दोन क्विंटलची रॅकेट

टेनिसमधल्या तीन गोष्टी मानवतला फार आधीच येऊन पोचल्या होत्या. एक चेंडू, दुसरी डास मारायची रॅकेट आणि तिसरं कोपराचं दुखणं. खुद्द टेनिस तेवढं यायचं राहिलं होतं.

चेंडूचं कौतुक काय सांगावं! परभणी जिल्ह्यातली पोरं हातात बॅट धरायला शिकतात ती याच चेंडूवर. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने लागले की मंडप पडतो, भोंग्यावरून धावतं वर्णन चालतं, बक्षिसाला कुणा पुढाऱ्याचं नाव असतं. हा चेंडू मुळात रॅकेटसाठी जन्माला आला याची तिथं कुणाला आठवण नसते, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही. त्या चेंडूवरच्या पिवळसर लवेच्या विणीत लोकर आणि नायलॉनच्या जोडीला सुती धागाही असतो म्हणे. तेव्हा आमच्याकडची सरकी काढलेली रुई कुठंकुठं फिरून शेवटी आमच्याच पोरांच्या हातून जिनिंगच्या पत्र्यावर येऊन आदळत असेल, असं समजायला मी तरी तयार आहे.

डासांच्या रॅकेटचं पेटंट तैवानमधल्या एका गृहस्थानं 1996 च्या सुमारास घेतलं. आत छोटी बॅटरी, ती मधल्या जाळीत हजाराच्या वर व्होल्ट उभे करते, आणि बाहेरच्या दोन जाळ्या माणसाला त्यापासून वाचवतात. आमच्या घरात ही रॅकेट दोघं खेळतात. नातू ती घेऊन घरभर पळतो. आजोबा ती बाजेच्या उशाशी एका जागी धरून बसतात आणि डासाची वाट पाहतात. रॅकेट एकच, बॅटरी एकच, पण 'चट्' हा आवाज आजोबांच्या खोलीतूनच जास्त येतो. नातवाच्या मते रॅकेटची चार्जिंग उतरलेली असते.

तिसरी गोष्ट आली ती सचिनमुळं. 2004 साली त्याचं कोपर दुखायला लागलं, 2005 च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि तोवर टेनिसशी काडीचा संबंध नसलेल्या लाखो मराठी घरांत 'टेनिस एल्बो' मुक्कामाला आला. हे दुखणं ज्यांना होतं त्यातले बहुतेक जण टेनिस खेळलेलेच नसतात. ते गवंडी असतात, सुतार असतात, ओल्या गोधड्या पिळणाऱ्या बायका असतात. आमच्या काकूंना डॉक्टरांनी हे नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मी कवा खेळले?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खरीखुरी रॅकेट आली. आमचा पुतण्या हिंजवडीला नोकरीला आहे. बालेवाडीच्या संकुलात 2018 पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन भरायची, ती पाहून आल्यावर त्याला या खेळाचं वेड लागलं. रॅकेट घेतली, क्लास लावला. यथावकाश कोपर दुखलं (घराण्यातच आहे), विश्रांतीचा सल्ला मिळाला, आणि रॅकेट एका चादरीत गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावाकडं रवाना झाली. मागोमाग फोनवर माहिती आली. हेड 100 चौरस इंच, वजन 300 ग्रॅम, लांबी 27 इंच, तारा उभ्या 16 आडव्या 19, ताण 55 पाउंड.

"ट्रॅक्टर हाय का?" दाजींनी विचारलं.

शेजारच्या अडतवाल्या शेठजींनी मात्र नेमका प्रश्न केला, "केवढ्याची?" पुतण्यानं पंधरा हजार सांगितले. शेठजींनी मनातल्या मनात भागाकार केला. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये. "दोन क्विंटल कापूस," ते म्हणाले, "आन् वजन तीनशे ग्रॅम. कट्टी लई दिसती." आणि रॅकेट परत माझ्या हातात दिली. रॅकेटवरचा इतका स्वच्छ अभिप्राय मी पुढं कुठल्याही जाणकाराकडून ऐकला नाही.

मैदानाचा प्रश्न होता. काळ्या रानात टेनिस होत नाही. मे महिन्यात भेग चेंडू गिळते आणि जुलैत चिखल बूट गिळतो. पण कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं आवार ओकंबोकं असतं. गठाणी गेलेल्या, गाड्या नाहीत, खाली चांगलं सिमेंट. ओळखीच्या एका मालकांनी संध्याकाळपुरती परवानगी दिली. चुन्यानं रेषा मारल्या, दोन ट्रॉल्यांच्या मध्ये बारदान बांधून मधोमध तीन फुटांवर आणलं, आणि रॅकेटची परीक्षा सुरू झाली. समोरच्या माणसाकडं रॅकेट नव्हती, तो चेंडू नुसता हातानं टाकत होता. हे टेनिस नव्हे हे मलाही कळतं.

पहिले अर्थातच दाजी. जावयाचा मान. तरुणपणी ते तालुक्यात हाणामारीचे फलंदाज म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी रॅकेट दोन्ही हातांनी धरली, जमिनीवर दोनदा आपटून गार्ड घेतला, आणि आलेला पहिला चेंडू पत्र्याच्या शेडवरून पलीकडं पाठवला. दुसराही. तिसरा आम्ही दिला नाही. "ह्या रॅकेटला जोर लई हाय," असा निकाल देऊन ते बाजूला झाले.

मग शाळेतले मास्तर आले. ते बॅडमिंटन खेळतात. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली, सगळी मदार मनगटावर. मास्तरांनी मनगट झटकलं, रॅकेट जागची जेमतेम हलली आणि चेंडू बारदानात जाऊन पडला. पुन्हा झटकलं, पुन्हा बारदान. "हिच्यात जोर म्हणून नाही," मास्तर म्हणाले. दाजी पत्र्याकडं बघत राहिले.

तीच रॅकेट, तोच चेंडू, मध्ये पाच मिनिटांचा फरक!

मास्तरांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. सांगलीचे नंदू नाटेकर कुमार वयात टेनिस खेळायचे आणि चांगले खेळायचे. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तिथं रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग त्यांनी ती रॅकेट खाली ठेवली आणि हलकी उचलली. 1956 साली क्वालालंपूरला बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढं त्यांचे चिरंजीव गौरव यांनी नेमकी वडिलांनी ठेवलेली जड रॅकेट उचलली आणि 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसच्या जोडीनं दुहेरीचं सुवर्णपदक आणलं. एकाच घरात, एकाच रक्तात, एका हाताला एक मानवली आणि दुसऱ्या हाताला दुसरी. मास्तरांना हे सांगितल्यावर ते जरा सावरले.

दाजींचा जोर खरा कुठून आला याचा उलगडा मात्र तारांमध्ये आहे. सुतळीची बाज सैल असली की पोरगं तिच्यावर उंच उडतं, ताणून विणलेली असली की जागच्या जागी राहतं. रॅकेटचं तेच. तारा सैल ठेवल्या तर चेंडू जोरात सुटतो पण कुठं जाईल याचा भरवसा कमी, ताणल्या तर जोर आपल्या दंडातून काढावा लागतो पण चेंडू सांगितलेलं ऐकतो. आमची रॅकेट आली मे महिन्यात, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून. उन्हानं तारा ढिल्या पडतात. पुण्याहून 55 पाउंडांवर निघालेला ताण परभणी जिल्ह्यात पोचेपर्यंत किती उरला असेल ते एक डिक्कीच जाणे. ब्यॉर्न बोर्ग तारा 80 पाउंडांपर्यंत ताणून घ्यायचा. त्या इतक्या ताठ की रात्री हॉटेलच्या खोलीत आपोआप तटकन तुटायच्या. त्या रॅकेटनं दाजींचा चेंडू बारदानापलीकडंही गेला नसता.

तारेवरून आठवलं. उत्तम तार अजूनही जनावराच्या आतड्याची मानली जाते. फेडरर उभ्या तारा आतड्याच्या आणि आडव्या पॉलिस्टरच्या लावायचा. आता आतड्याची तात आमच्या कापसाच्या मुलखाला काय नवी? गाद्या पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या खांद्यावरच्या पिंजणीला तीच असायची. तिचा तो टणत्कार गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. तात ढिली पडली तर रुई नीट फुलत नाही, हे पिंजारी कुठल्याही क्लासला न जाता जाणत होता.

थोरामोठ्यांचंही रॅकेटशी भांडण काही कमी नाही. पीट सॅम्प्रस 85 चौरस इंचांची इवलीशी रॅकेट वापरायचा आणि वर शिशाच्या पट्ट्या चिकटवून ती आणखी जड करायचा. मास्तरांनी ती उचललीही नसती. फेडररनं 17 ग्रँड स्लॅम मिळवून झाल्यावर 2014 मध्ये 90 इंचांची सोडून 97 ची घेतली, आणि आणखी तीन मिळवली. उलट बोर्ग 1991 साली माँटे कार्लोला पुनरागमन करताना जुनी लाकडी रॅकेट घेऊन उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. लाकडाचं माहेर सुटेना, दुसरं काय.

पण माझा सगळ्यात लाडका माणूस यातला कुणी नव्हे. तो हॉवर्ड हेड. धातूच्या स्की काढून पैसा केलेला हा अमेरिकन उद्योजक निवृत्तीनंतर टेनिस शिकायला गेला आणि अतिशय वाईट खेळला. चेंडू कडेला लागला की रॅकेट हातात फिरायची. नाचता येईना म्हटल्यावर लोक अंगणाला नावं ठेवून घरी जातात. या पठ्ठ्यानं अंगणच मोठं करायला घेतलं. हेड रुंद केलं की ते हातात फिरणं कमी होतं हे त्यानं ताडलं, आणि 1976 मध्ये प्रिन्स कंपनीची 110 चौरस इंचांची रॅकेट आली. लाकडी रॅकेटी साधारण 65-70 इंचांच्या असायच्या. जाणकार हसले. पाच-दहा वर्षांत तेही मोठ्या हेडकडं वळले. रॅकेटमधली एवढी मोठी सुधारणा एका वाईट खेळाडूनं केली, ही गोष्ट मी दाजी आणि मास्तर दोघांनाही सांगितली. दोघांनीही ती दुसऱ्याबद्दल आहे असं समजून मान डोलावली.

आणि एकदाच असं झालं की रॅकेट खरोखर स्वतःच खेळली. 1977 मध्ये दोन पदरी तारांची एक विचित्र रॅकेट निघाली, 'स्पघेटी' नावानं ओळखली गेलेली. चेंडू तिच्यावरून असा काही गरगरत निघायचा की समोरच्याला टप्प्याचा अंदाजच येत नसे. इली नस्तासेनं फ्रान्समध्ये ती घेऊन गिलेर्मो विलासला गाठलं. विलास त्या वर्षी मातीच्या कोर्टवर हरतच नव्हता. दोन सेट गेल्यावर तो सामना सोडून निघून गेला. लगोलग त्या रॅकेटवर बंदी आली. म्हणजे रॅकेट कुणाच्या हातात चालो न चालो, खेळाडूवाचून चालायला लागली की मग नियम आडवा येतो. तोवर दोष रॅकेटचा म्हणायला सगळ्यांना मुभा आहे, आणि दाजींपासून मास्तरांपर्यंत ती सगळे वापरतात.

त्या संध्याकाळी काकू केवळ दाजींना चहाला बोलवायला आल्या होत्या. आग्रहाखातर त्यांनी रॅकेट हातात घेतली. गार्ड नाही, मनगट झटकणं नाही. नुसती चेंडूच्या वाटेत आणून धरली आणि पुढं जरासा रेटा दिला. चेंडू टप् करून बारदानावरून पलीकडं, रेषेच्या आत. पुन्हा तसाच. तिसराही. इतक्या वर्षांच्या भाकऱ्यांनी त्यांच्या हाताला किती जोर लावायचा हे शिकवलेलंच होतं. भाकरी थापताना दाजींसारखा हात मारला तर परातीत काय उरेल? "कशी वाटली रॅकेट?" मी विचारलं. "बरीये," त्या म्हणाल्या, "दांडा जाड हाय जरा." बरोबरच होतं. मूठ हाताच्या मानानं जाड किंवा बारीक झाली की माणूस ती आवळून धरतो, आणि मग दुखतं ते कोपर. पुतण्यानं क्लासवाल्याला विचारून, फी भरून, शेवटी डॉक्टरांना भेटून जे ऐकलं ते काकूंनी तीन चेंडूंत सांगितलं.

त्यांच्यामागून त्यांची नात पुढं आली. सातवीत आहे. 27 इंच तिला लांब पडत होतं, म्हणून तिनं दांडा वरून धरला, दुसरा हात आपसूक खाली आला, आणि डावीकडून आलेला चेंडू तिनं दोन्ही हातांनी असा परतवला की दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर 2023 मध्ये हांगझोऊ एशियाडचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं, एवढंच तिनं सांगितलं. रॅकेटबद्दल तिनं तक्रार केली नाही, जोर आहे की नाही हेही बोलली नाही. फक्त "अजून टाका ना," म्हणाली.

दोन क्विंटल कापूस वसूल व्हायचा तर तिच्याकडूनच होईल, असं शेठजींचंही मत पडलं.

तेव्हा पुण्या-मुंबईला गेलेल्या समस्त मानवतकरांना माझी एक विनंती आहे. कोपर दुखलं म्हणून, वेळ नाही म्हणून किंवा नुसता उत्साह उतरला म्हणून कपाटामागं उभी केलेली रॅकेट कुणाकडं असेल, तर ती गावाकडं पाठवून द्या. मुलांच्या मापाची, 25 किंवा 26 इंची असेल तर ती आधी पाठवा. पाठवताना दांड्यावरची पट्टी नवी घाला, आणि पार्सल डिक्कीत न टाकता कुणाच्या तरी पायाशी ठेवायला सांगा.