बॅटरीला होकार, ब्रेकला ‘बघू’

अहो ताई, गॅसवर काही नाही ना ठेवलंय? मग या जरा भिंतीपाशी. समोरच्या अण्णांच्या गाडीचं कळलं का? काल सकाळी नुसती टकटक करून बसली जागच्या जागी. पोरांनी पार कोपऱ्यापर्यंत ढकलली, तेव्हा कुठे सुरू झाली बया.

अण्णा तडक दुकानात. साडेचार हजारांची नवी बॅटरी! जुनी दिली म्हणून थोडे सुटले म्हणे. सुटणारच, त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात, दुकानदार काही उपकार नाही करत.

पण बदलायची गरज तरी होती का? गाडी पंधरा-पंधरा दिवस कव्हराखाली, वर तो डॅशकॅम रात्रंदिवस चालू. बॅटरी उतरणार नाही तर काय! आधी चार्ज करून मीटर लावायचा होता. बंद गाडीत १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली. सुरू केल्यावर १४च्या आसपास जायला हवेत, नाही गेले तर अल्टरनेटर बघायचा. अण्णांच्या टर्मिनलवर तर हिरवट भुकटीचा थर होता. खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते ती. पण सांगणार कोण? निवृत्त इंजिनियर ना ते!

खरी गंमत तर पुढेच. फिटरने चाक काढून दाखवलं, पुढचे ब्रेक पॅड ३ मिलिमीटरच्याही खाली गेलेले. दोन्ही बाजूंचे मिळून मजुरीसकट अडीच हजार म्हणाला. तर अण्णा म्हणे, ‘बघू पुढच्या महिन्यात.’ ब्रेक दाबला की किर्र वाजतं, वहिनींनीच सांगितलं मला. पॅड झिजले की वाजावं म्हणून मुद्दाम पत्र्याची जीभ ठेवलेली असते तिथे. हे काय करतात? गाणी मोठ्याने लावतात! उद्या पॅड संपून लोखंडाला लोखंड घासलं की डिस्कच्या जोडीचेही पैसे मोजा.

आणि रविवारी पाहुण्यांना घेऊन पाचगणी! जाताना चढ आहे, त्याचं काही नाही. येताना पसरणी घाट उतरायचाय, तोही अण्णा न्यूट्रलवर उतरणार, का तर पेट्रोल वाचतं. अहो, हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंजिनला पेट्रोल जवळजवळ देतच नाहीत. वाचायचंय काय त्यात? सगळा भार मात्र ब्रेकवर.

मी वहिनींना सांगून ठेवलंय, पॅड बसेपर्यंत गाडीची चावी पिठाच्या डब्यात टाका. अण्णा तिकडे कधी फिरकत नाहीत.