धूर नाही, मग हृदयाला काय?

यवतमाळात सकाळी हृदय जपायची चढाओढ लागते. पोस्टल ग्राउंडला फेऱ्या मारायच्या, मनगटावरच्या घड्याळाला पावलं मोजायला लावायची, बिनसाखरेचा चहा मागायचा आणि परतताना पानठेल्यावर घटकाभर थांबायचं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून झालेला खर्रा गालात सरकला की व्यायाम पूर्ण. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि खर्राही त्या बंदीत आले. ठेलेवाला ही बंदी इतकी मनावर घेतो, की अनोळखी माणसाला पन्नी देताना आधी आजूबाजूला पाहतो.

खर्रा खाणाऱ्याचं उत्तर तयार असतं : आम्ही ओढत नाही, धूरच नाही तर हृदयाला काय होणार? झालाच तर तोंडाचा कॅन्सर होईल! जणू गालाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा तंबाखूशी लेखी करार झालेला आहे. निकोटिन मात्र गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरतं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष 2006 साली आले. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त, असं त्यात दिसलं. आपल्याकडचा हिशेब 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आहे : महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. म्हणजे ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी लावून आपण चार टक्क्यांना धाक दाखवतो आणि चोवीस टक्के त्या पाटीखालीच पिचकारी मारतात.

यावर ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते’ हा दाखला येतोच. पन्नाशीत गेलेल्यांचा दाखला कोणी देत नाही. ते बिचारे आजोबा व्हायच्या आतच गेले. शिवाय नव्वदीचे आजोबा वावरात पायी जात, नातू कोपऱ्यावरच्या ठेल्यापर्यंतही मोटारसायकल काढतो. दुसरा आक्षेप टेन्शनचा, तो मात्र हसण्यावारी नेता येत नाही. घरात कापूस पडून, भाव नाही, बँकेचा तगादा, अशा घाटंजी-राळेगावच्या शेतकऱ्याला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगणं म्हणजे टेन्शन तो हौसेनं विकत आणतो असं समजणं. इंटरहार्टनेही मानसिक ताण हृदयाच्या धोक्यांत मोजला आहे. पण खर्रा हा ताण उतरवत नाही. निकोटिनचा अंमल ओसरला की बेचैनी वाढते आणि ती शमवायला पुढची पन्नी लागते. कर्ज फेडायला कर्ज, हा व्यवहार जिल्ह्याला नवा नाही. तेव्हा 29 सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनी रक्तदाब तपासायला मांडव टाकणाऱ्यांनी ‘सिगारेट ओढता का?’ हा प्रश्न सोडून ‘दिवसाला खर्रे किती?’ असं विचारावं. आणि शेजारच्या टेबलावर भारतीय कापूस महामंडळाची (सीसीआय) कापूस खरेदी नेमकी कोणत्या तारखेला सुरू होणार, हे सांगणारा एक माणूस बसवावा. रांग कोणत्या टेबलापुढे मोठी लागेल, हे आयोजकांनी आधीच धरून चालावं.