पाहिजे: हुकूमशहा (स्वभाव प्रेमळ)

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाटपऱ्यांवर दिवसातून एकदा तरी देश सुधारला जातो. गेल्या आठवड्यात तो कायमचाच सुधारून टाकायचं ठरलं. वीजबिल, खड्डे, कोळशाचे ट्रक, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख, अशी वळणं घेत चर्चा नेहमीच्या मुक्कामाला आली. "या देशाले एक हिटलर पायजे, बाप्पा. त्याबिगर हे लोकं सुधरत नाही." बोलणाऱ्याच्या तोंडात ताजा घोटलेला खर्रा होता. देशाचं भवितव्य सांगताना त्यातला थोडा शर्टावर आणि बराचसा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यावर उतरला.

विरोध कुणाचाच नव्हता. फक्त हिटलरचा शेवट चांगला झाला नाही, याकडे शिकवणीवाल्या सरांनी लक्ष वेधलं. मग 'हिटलरसारखा, पण प्रेमळ' अशी दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली. पेपरात जाहिरात द्यायची आणि मसुदा मी करायचा, कारण सदर लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं, याबद्दलही एकमत झालं. मसुदा असा:

"पाहिजे: हुकूमशहा. पदसंख्या १. स्वभाव प्रेमळ, दंडा मजबूत. तज्ज्ञांचं ऐकणारा असावा. कुणाचंही न ऐकणारा असावा. पैसा खाणारा नसावा. हिशेब मात्र कुणी मागणार नाही. नेमणूक तहहयात. काम पसंत न पडल्यास काढून टाकण्यात येईल."

शेवटच्या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे मी नम्रपणे सांगितलं. "ते तुमी पाहून घ्या, भाषेचं काम तुमचं हाय," असं उत्तर मिळालं.

मग सवलतींचा विषय निघाला. खर्रावाल्याचं म्हणणं, थुंकणाऱ्यांना जागच्या जागी चाबकाने फोडा, पण तंबाखू-सुपारीच्या गरीब धंद्याला हात लावू नका. ट्रकमालकाला वाहतुकीची कडक शिस्त हवी होती. "पण ओव्हरलोडचं सोडून द्या, भाऊ. डिझेलचा भाव पाहा, मंग बोला." टपरीवाला म्हणाला, अतिक्रमणं हटवाच, फक्त मोठ्यांची आधी. सरांना शिक्षणाचा बाजार बंद करायचा होता, शिकवण्या वगळून. सदरलेखकांना आत टाकू नये, एवढी एक ओळ मीही हळूच घुसवली. सगळ्यांना वगळल्यावर दंडा खायला कुणी उरेना. शेवटी 'सुरुवात शेजारच्या कोराडीपासून करावी' असं ठरलं आणि सभेला हायसं वाटलं.

इथे कुणी हसू नये. हुकूमशहा मागणारा प्रत्येक माणूस मनात हेच गृहीत धरतो, की दंडा त्याच्या हातात असेल आणि पाठ दुसऱ्याची असेल.

सरांनी सिंगापूर काढलं. ते निघणारच होतं. ली क्वान यू १९५९ ते १९९० पंतप्रधान होते आणि त्यांनी शहराचं सोनं केलं, हे कबूल. निवडणुका त्यांनाही लढाव्या लागत, हे सर सांगायचं विसरले. दक्षिण कोरियात जनरल पार्क यांच्या राजवटीत कारखाने उभे राहिले, निर्यात वाढली, हेही कबूल. पण १९७९ मध्ये त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर त्यांना गोळ्या घातल्या. साहेबांना घरी पाठवायची दुसरी सोय त्या व्यवस्थेत नव्हती. आणि याच काळात, याच पदावर युगांडात इदी अमीन, कंबोडियात पोल पॉट आणि झैरेत मोबुटू काम पाहत होते. जाहिरात दिल्यावर रांगेतून ली क्वान यूच पुढे येईल, याची हमी कोण घेणार? मुलाखत घ्यायला पॅनेल नाही आणि प्रोबेशनची भानगड नाही.

तेवढ्यात वीज केंद्रातून निवृत्त झालेले काकाजी बोलले. "आणीबाणीत पाहा. साडेदहाले बाबू खुर्चीवर! आता बारा वाजताबी खुर्चीवर नुसता रुमाल दिसते." काकाजींचं म्हणणं अगदीच खोटं नसावं. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात कचेऱ्या वेळेवर भरत, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ज्या दिवशी बाबू उशिरा आला, ती बातमी छापणार कोण? पेपरांवर सेन्सॉर बसला होता. सरकारचं कौतुक तेवढं वेळेवर प्रसिद्ध होई.

काम मात्र झपाट्याने होत होतं, यात शंका नाही. १९७६-७७ या वर्षात देशभर नसबंदीचं लक्ष्य ४३ लाखांचं होतं. शस्त्रक्रिया झाल्या ८१ लाखांवर. लक्ष्याच्या जवळजवळ दुप्पट! कित्येक ठिकाणी शाळामास्तरांनाही 'केसेस' आणायचा कोटा होता. आपला महाराष्ट्र पुरोगामी. त्याने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच विधिमंडळात मंजूर करून घेतलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून बचावलो.

नागपूरचाही एक मान आहे. मिसा कायद्याखाली विनाचौकशी डांबलेल्यांना कोर्टाचं दार ठोठावता येतं, असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. प्रकरण दिल्लीला गेलं. वैरापोटी पोलिसाने कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही का, असं न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं. आणीबाणी आहे तोवर नाही, असं ॲटर्नी जनरलनी सांगितलं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. तो एक म्हणजे खन्ना. हा निकाल चूक होता, असं त्याच न्यायालयाने म्हटलं २०१७ मध्ये. चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षं लागली. ती दुरुस्त झाली, हाच काय तो लोकशाहीचा वेग.

आणीबाणीचा नागरिकाला झालेला, रुपयांत मोजता येईल असा एक फायदा मात्र मला सापडला: पेन्शन. तेव्हा तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये दरमहा दहा हजारांपर्यंत मानधन सुरू केलं. २०२० मध्ये सरकार बदललं होतं, मानधन बंद झालं. २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा सुरू झालं. हुकूमशाहीचा लाभसुद्धा लोकशाहीच्या तिजोरीतून निघतो आणि तोही निवडणुकीच्या हवामानावर.

काकाजींना हे पटत नव्हतं. म्हणून मी त्यांना त्यांच्याच घरचं विचारलं. कंट्रोल रूममध्ये हुकूम कुणाचा चालतो?

"शिफ्ट इनचार्जचा."

"आणि त्याच्याही वर?"

काकाजी जरा थांबले. "वर रिले. बेअरिंगच्या तेलाचं प्रेशर पडलं का मशीन आपोआप ट्रिप होते. ते चीफले विचारत नाही, मंत्र्याले विचारत नाही. साहेब किती का मोठा असेना, रिले त्याले सलाम मारत नाही."

"साहेबांनी रिले बायपास करायला सांगितला तर?"

"दोन दिवस लय भारी चालते. एक ट्रिपिंग नाही, साहेब खूश. मंग एक दिवस बेअरिंगचं भजं होते."

हुकूमशाहीचा सगळा फायदा काकाजींच्या त्या दोन दिवसांतला आहे. कोर्ट, पेपर, विरोधी पक्ष आणि मतपेटी हे देशाचे रिले. ते त्रास देतात, कधी उगाचच ट्रिप होतात, ऐन वेळी लोड घालवतात. बायपास केले की लगेच सुरळीत वाटतं. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या मंडळींनी चाचणी अडू नये म्हणून खरोखरच काही संरक्षण यंत्रणा बंद ठेवल्या होत्या आणि स्फोट झाला. अणुभट्टीच्या रचनेतला दोष वरच्यांना ठाऊक होता, पण तो चालवणाऱ्यांना सांगायची पद्धत नव्हती. शेजारचं प्रिप्यात गाव हलवलं दुसऱ्या दिवशी दुपारी. जगाला सुगावा लागला तो स्वीडनच्या यंत्रांनी किरणोत्सर्ग पकडला तेव्हा. त्यानंतर कीव्हमध्ये एक मेचं संचलन मात्र ठरल्या दिवशी पार पडलं.

आमच्याकडे राखेच्या बाबतीत शिस्त एवढी कडक नाही. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या तलावात खापरखेड्याची राख जायला लागली, तसे गावकरी ओरडले, पर्यावरणवाले ओरडले, पेपरांनी फोटो छापले. २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे येऊन पाहून गेले आणि तिथे राख सोडणं थांबवायचा आदेश निघाला. परिसरातली राख त्यामुळे संपली असं नाही. ती कपड्यांवर अजून बसते. पण १३४० मेगावॉटच्या केंद्राला एका गावाच्या आरड्याओरड्याची दखल घ्यावी लागली. कणखर नेत्याच्या राज्यात गावकऱ्यांना राख दिसलीच नसती, किंवा दिसली असं म्हणणारे गावकरी दिसले नसते.

काकाजींकडे हुकमाचा एक्का होता. "मंग सत्याहत्तरमधी इंदिराबाईले आपल्याकडं मतं काहून पडली?" पडली खरी. देशभर काँग्रेस आडवी झाली, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, पण नागपुरातून गेव्ह आवारी आणि रामटेकमधून जतिराम बर्वे काँग्रेसच्याच तिकिटावर लोकसभेत गेले. आणीबाणीला मिळालेलं यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र नसेल. पण त्याला किंमत आहे ती रायबरेलीने नाही म्हटल्यामुळे. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथे ९९ टक्के मतं पडतात आणि त्यावर हुकूमशहाचाही विश्वास नसतो.

सभा कंटाळली. जाता जाता मी विचारलं, मागच्या ग्रामसभेला कोण कोण गेलं होतं? खर्रावाल्याला लग्न होतं, ट्रकमालकाची ट्रिप होती, सरांची बॅच होती. काकाजी म्हणाले, "तिथं काय हाय? चार-पाच जण बसून सह्या करते."

कायद्याने ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. म्हणजे चार-पाच जणांच्या एकछत्री अंमलासाठी जाहिरात, गणवेश, रणगाडे, काहीही लागत नाही. बाकीच्यांनी त्या दिवशी घरी राहिलं की झालं.