चार वर्षे दहा महिने

दक्षिण कोरियातल्या अन्सान शहरात, वोनगोक-डोंगच्या गजबजाटात, रविवारी तो हमखास दिसतो. मोबाइल कानाला लावलेला आणि बोलता बोलता कमरेत वाकलेला. पलीकडे साजांगनिम, म्हणजे मालक, असतो. फोनवर वाकलेलं दिसत नाही हे त्याला कळतं. पण कंबरेला कोण समजावणार?

गडी नेपाळचा, चितवनकडचा. कोरियाने 2004 साली परदेशी कामगारांसाठी परवाना योजना सुरू केली, तिच्यात नेपाळ आहे, भारत नाही. नाहीतर एखादा सांगलीकर तिथे खोलीवर पिठलं ढवळताना सापडला असता. सलग मुक्काम जास्तीत जास्त चार वर्षे दहा महिने. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, स्वतःचं लग्न, सगळं त्याला या मापात बसवायचं असतं.

येण्याआधी त्याने क्लास लावून कोरियन भाषेची परीक्षा दिली. पुस्तकातली माणसं एकमेकांना फार अदबीने हातमोजे मागत. कारखान्यात पहिल्या दिवशी कानावर पडलं ते 'पाल्ली पाल्ली!' लवकर लवकर! मग फोरमनने वय विचारलं. कुणाशी कोणत्या क्रियापदात बोलायचं ते वयावर ठरतं. (जून 2023 मध्ये सरकारने वय मोजायची जुनी रीत कागदोपत्री बंद केली आणि अख्खा देश एक-दोन वर्षांनी तरुण झाला. फोरमनचा आवाज मात्र होता तेवढाच राहिला.)

खरी परीक्षा ह्वेशिकची, म्हणजे कामानंतरच्या सामुदायिक जेवणाची. घरी वडीलधाऱ्यांसमोर ग्लासाचं नावही काढायचं नाही, अशी शिकवण. इथे वडीलधारेच सोजू ओततात! ग्लास दोन्ही हातांनी धरायचा आणि तोंड बाजूला वळवून प्यायचं. सगळ्यांत धाकटा म्हणून शेगडीवरचं डुकराचं मांस कात्रीने कापायचं कामही त्याच्याकडेच. शिंप्याच्या हातात शोभावी तशी कात्री तो आता चालवतो.

कचऱ्यात तर त्याने पदवीच घेतली आहे. 1995 पासून तिथे ठरावीक पिशवी विकत घेऊनच कचरा टाकावा लागतो. कलिंगडाची साल ओल्या कचऱ्यात, पण कांद्याची सालं, अंड्याची टरफलं आणि कोंबडीची हाडं साध्या कचऱ्याच्या पिशवीत. कारण जनावर जे खाऊ शकत नाही ते खरकटं नव्हे. नवीन आलेल्या पोरांना तो हे इतक्या कडकपणे शिकवतो, की ती त्यालाच साजांगनिम म्हणतात.

सुट्टीत गावी गेला. आईने डाळभात वाढला, तो पाच मिनिटांत संपवून उठला. आई म्हणाली, "अरे, मागे कोण लागलंय?" पाण्याचा तांब्याही त्याने मान वळवूनच प्यायला.

परतल्या परतल्या मालकाचा फोन आला आणि कंबर वाकली. त्याची पहिली तीन वर्षे आता संपत आली आहेत. पुढचं एक वर्ष दहा महिने मिळायचं, तर अर्ज मालकाने करावा लागतो.