डावा चौकोन, उजवं वर्तुळ

चिनी तलवारबाजीची मालिका बघून माणूस शहाणा होत नाही, पण शेफारतो नक्की. जिन योंग यांची 'द लेजंड ऑफ द कॉन्डॉर हीरोज' ही कादंबरी 1957 ते 1959 या काळात हाँगकाँगच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली. तिच्यावर 1983 साली 59 भागांची मालिका निघाली, पुढेही निघतच राहिल्या. मी पाहिली ती 2017ची, 52 भागांची. त्यातली माणसं कौलांवरून उडतात, तळहाताच्या फटकाऱ्याने दहाजणांना लोळवतात. गुडघ्यांचा विचार करून मी बसल्या जागी जमेल अशी विद्या निवडली.

नायक ग्वो जिंग मंगोलियात वाढलेला, मनाने सरळ आणि डोक्याने मंद. सात गुरू मिळून शिकवतात, तरी काही शिरत नाही. पुढे त्याला जो बोतोंग हा अवलिया भेटतो. एका बेटावर पंधरा वर्षं अडकलेला हा म्हातारा करमणूक म्हणून स्वतःच्याच दोन हातांची आपसात लढाई लावत असतो. त्याचा पहिला धडा म्हणजे एका हाताने चौकोन आणि त्याच वेळी दुसऱ्याने वर्तुळ काढायचं. मठ्ठ ग्वो जिंगला ते साधतं. त्याची महाचलाख प्रेयसी ह्वांग रोंग, तिला मात्र नाही. डोक्यात विचारांची गर्दी फार!

मी करून पाहिलं, तर दोन्ही हातांनी वांगी निघाली. मला कोण आनंद झाला!

हा आनंद सासुरवाडीला सांगायची काही गरज नव्हती. पण पाहुणे जमले होते, कागद-पेन्सिली हाताशी होत्या. मी आधी सिद्धांत मांडला, "डोकं जितकं कमी, तितकं हे लवकर जमतं." मग सगळ्यांना कामाला लावलं. सगळ्यांची वांगीच. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. आयुष्यभर रांगोळी घातलेले हात ते. डावीकडे रेखीव चौकोन, उजवीकडे गरगरीत वर्तुळ.

"आता सांगा जावईबापू, सिद्धांत काय होता?"

"नाही, म्हणजे... ज्याला जमतं, तो पुढे फार मोठा योद्धा होतो."

"आणि ज्याला जमत नाही?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. ह्वांग रोंगचं पुढे जे होतं, तेच तोंडातून निघालं, "भिकाऱ्यांच्या टोळीची प्रमुख."

"वाटलंच होतं," असं म्हणून सासूबाई पोळ्या लाटायला गेल्या.