लुईझाबाईंच्या कड्यावर मामा

ऐरोलीकराला डोंगराचं अप्रूप नसावं, असं खरं तर कुणालाही वाटेल. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि खाडीत थंडीच्या दिवसांत फ्लेमिंगो. एवढा ऐवज एखाद्या इंग्रजाच्या हाती लागता, तर तो इथे गव्हर्नरचा बंगला, एक चर्च आणि पत्ते कुटायला जिमखाना बांधून मोकळा झाला असता. पण पारसिकच्या माथ्यावर चिक्की मिळत नाही. आणि जिथे चिक्की मिळत नाही ते थंड हवेचं ठिकाण नाही, ही मराठी माणसाची व्याख्या पक्की आहे. म्हणून आम्ही माथेरानला निघालो.

सोबत सौ.चे मामा होते. मामांचं सगळं आयुष्य ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात गेलं. शुद्ध हवेवर त्यांचा विश्वास नाही. "हवेला थोडा वास हवा जावईबापू, नाहीतर ती आहे हे कळणार कसं?" असा त्यांचा सवाल असतो. तरीही ते आले, कारण सौ.ने दशम्या केल्या होत्या.

ऐरोलीहून ठाण्याला जाताना मध्ये आता दिघा गाव लागतं. हे स्टेशन 2024 मध्ये सुरू झालं. तिथे गाडी थांबली की मामा दर वेळी "हे नव्हतं हं पूर्वी" असं आजूबाजूच्यांना सांगतात. ठाण्याला उतरून कर्जत लोकल धरायची. बदलापूरपर्यंत तिच्यात माणूस नुसता कोंबलेला असतो. बदलापूरनंतर त्याला हात, पाय, कोपर परत मिळतात आणि तो खिडकीबाहेर बघू लागतो. वांगणी गेलं की उजवीकडे डोंगराची ती लांबलचक सपाट पाठ दिसायला लागते.

या पाठीवर 1850 च्या मे महिन्यात ह्यू मॅलेट नावाचा साहेब चढला. तो ठाण्याचा कलेक्टर. म्हणजे आमचाच. ऐरोली आजही ठाणे जिल्ह्यात आहे, माथेरान मात्र पुढे रायगडात गेलं, याचं मामांना नेरळपर्यंत वाईट वाटत होतं. मॅलेटने माथेरानचा शोध लावला, असं पुस्तकांत असतं. ठाकूर, धनगर आणि कातकरी तिथे आधीपासून होतेच. त्यांनी शोध लावला नाही, कारण त्यांच्या लेखी ते हरवलेलंच नव्हतं. साहेब मात्र चौकच्या बाजूने वन ट्री हिलवरून चढला, रामबागकडून उतरला आणि थंडगार वाऱ्याने इतका खूश झाला, की तिथे राहायलाच यायचं त्याने ठरवलं. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, बंगले आले, पाठोपाठ मुंबईचे पारशी आणि बोहरी शेटजी आले. गावाला आकार आला.

यांतल्या एका शेटजींचे उपकार आपल्यावर आहेत. सर आदमजी पीरभॉय यांनी स्वतःच्या पैशाने नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं आणि 1907 मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर पोचली. खर्च सोळा लाख. अंतर सुमारे एकवीस किलोमीटर, वळणं दोनशेच्या वर. मामांनी सोळा लाखांचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात आज ऐरोलीत गाडी ठेवायला जागा मिळेल. गाडी नाही मिळायची."

ही गाडी पळत नाही, ती विचार करत करत जाते. गुडघे समोरच्या प्रवाशाच्या गुडघ्यांत अडकवून बसायचं आणि तासभर चढून गेल्यावर खाली बघायचं, तर नेरळ स्टेशन तिथेच, आपल्याकडे बघत बसलेलं. जुम्मापट्टी येतं, मग वॉटर पाइप येतं. दोन्ही ठिकाणी मामा उतरून पाय मोकळे करतात. गाडी सुटल्यावरही ते सावकाश चढू शकतात, एवढी तिची मर्यादाशील चाल आहे. वाटेत या रेल्वेचा एकुलता एक बोगदा लागतो. तो इतका आखूड, की साहेबांनी त्याचं नाव 'वन किस टनेल' ठेवलं. एका चुंबनापुरताच अंधार. आमच्या डब्यात नवपरिणीत जोडपं होतं. ते बोगद्याची वाट बघत होतं, सगळा डबा त्यांची वाट बघत होता. नेमका त्याच क्षणी मामांनी अंधार झाला म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला आणि "दशमीचा डबा कुठे ठेवलाय?" म्हणून विचारलं. बोगदा संपला. त्या नवऱ्याने मामांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत अमन लॉज स्टेशन केव्हा गेलं ते कळलंच नाही.

माथेरानात मोटार चालत नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर अडतात. पुढे पाय, घोडा, नाहीतर कालपरवापर्यंत हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढतोय, दोघे मागून ढकलतायत आणि वर बसलेला शुद्ध हवेची तारीफ करतोय, असं हे वाहन साहेब गेल्यावरही इतकी वर्षं चालूच होतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. आता ई-रिक्षा दिसतात. चहाच्या टपरीवर एका ई-रिक्षावाल्याला विचारलं, आधी काय करायचात? तो म्हणाला, "हीच सवारी. तेव्हा ओढायचो, आता बसून नेतो." आणि खांदा चोळला. मामांनी त्याच्या चहाचे पैसे दिले. ते सहसा आमच्याही चहाचे देत नाहीत.

घोडा मात्र जोरात आहे. लाल मातीतून घोडा, घोड्यामागून आणखी लाल माती, मातीमागून घोडेवाला: "शेठ, सात पॉइंट, फिक्स रेट." फिक्स रेट म्हणजे घासाघीस जिथून सुरू होते तो आकडा. मामांनी घोड्याभोवती फेरी मारली, कारखान्यात बॉयलर तपासावा तशी, आणि विचारलं, "ब्रेक?" घोडेवाल्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "काका, ह्याला फक्त ब्रेकच आहे." मामा बसले. घोड्याने शब्द पाळला.

पॉइंटांची नावं हा इथला खरा राणीचा बाग आहे. लुईझा, शार्लोट, सेलिया, अलेक्झांडर, किंग जॉर्ज. साहेबाला कडा दिसला की घरच्या बाईमाणसाची किंवा राजाची आठवण येत असावी. आम्हा ऐरोलीकरांना हा थाट परवडत नाही. आमच्या नशिबी सिडको, आणि सिडको म्हणजे आकडे. माथेरानचा शोध सिडकोने लावला असता, तर आम्ही आज सेक्टर 8-ए च्या कड्यावर उभे राहून सेक्टर 11 चा सूर्यास्त बघत असतो. उलट ऐरोली साहेबाने वसवली असती, तर आमची सौ. रोज लुईझा मंडईतून भेंडी आणती.

शार्लोट तळ्याकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे. गावाला पिण्याचं पाणी या तळ्याचंही. मामांनी देवाला हात जोडले आणि पिशवी खाली ठेवली. माकडाने ती उचलली. चेन सरळ मागे ओढली, चिक्की बाजूला ठेवली, दशमी हुंगली आणि तीच घेऊन झाडावर गेलं. सौ.च्या चेहऱ्यावर अभिमान लपत नव्हता.

संध्याकाळी हार्ट पॉइंटवर गर्दी असते, कारण अंधार पडला की तिथून मुंबईकडचे दिवे दिसतात. गंमत बघा, साहेब इथे यायचा तो विलायतेची आठवण काढायला. चहा, गाऊन, शेकोटी, सगळं घरच्यासारखं करून बसायचा. आम्ही ऐरोलीतून दम खायला पळालो आणि अंधार पडताच कठड्याला टेकून काय शोधत होतो? ऐरोली. मामा एका पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो ऐरोलीचा पूल." सौ. म्हणाली, ती ठाण्याची बाजू. मी सांगून पाहिलं, की मध्ये पारसिक आडवा येतो, त्यामुळे ऐरोली इथून दिसणारच नाही. कुणी ऐकेना.

तेवढ्यात शेजारच्या अंधारातून एक माकडटोपी वळली आणि म्हणाली, "दिसत नाहीच. आम्ही दर वर्षी बघतो."

आमच्या सोसायटीचे खजिनदार. पलीकडे वहिनी आणि दोन्ही मुलं. मी हसून हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, सोडला नाही आणि हळू आवाजात म्हणाले, "बरे भेटलात. मेंटेनन्सचं मागचं क्वार्टर अजून यायचंय. इथे रेंज आहे, करून टाकता का?"

"तरी मी म्हणत होतो," मामा म्हणाले, "ऐरोली इथेच कुठेतरी आहे."