मा. पेंगबाई, मु. पो. मारेगाव यांस

विषय : दुपारी दोन ते चार या वेळेतील आपली हजेरी आणि आपल्या नावाने फिरणारी तोतया बाई.

माननीय बाई,

सप्रेम जांभई, विनंती विशेष.

आपण वणीकडून येता की करंजीकडून, हे अजून कोणी पाहिलेले नाही. पण पाऊस चुकतो, आपण चुकत नाही. शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला आणि बदल्यात कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. जेवायला एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. आपल्यासाठी मात्र त्या आदेशात ओळसुद्धा नाही. तरी बिनपगारी, बिनसुट्टीची आपली सेवा चालूच! पुण्यात आपल्या मानार्थ दुकानांवर ‘एक ते चार बंद’च्या पाट्या झळकल्या. आमच्याकडे साधी शाल-श्रीफळाचीही सोय झाली नाही.

लोक म्हणतात, आपण वरण-भाताच्या बोलावण्यावरून येता. हा निव्वळ बदनामीचा प्रकार आहे. उपाशी माणसालाही दुपारी झापड येते, कारण शरीराच्या घड्याळातच त्या वेळी उतार असतो; भरल्या ताटाने तो जरा घसरडा होतो, एवढेच. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावते, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, रात्री भिंती तापलेल्या म्हणून झोप अर्धीच. चरकाने एरवी दिवसा झोपायला मनाई केली, पण उन्हाळ्यात रात्री लहान म्हणून सूट दिली. आपल्याकडे याहून जुनी शिफारस असलेला उमेदवार तालुक्यात दुसरा नसावा.

वावरातल्या माणसांचे आपल्याशी बरे जमते. पहाटे कामाला लागायचे, ऊन चढले की निंबाखाली अंग टाकायचे. वीस मिनिटांत उठले तर डोके साफ. तासभर पडले तर गाढ झोपेतून उठून आणखीच बधिर. आम्ही कचेरीवाले मात्र आपल्याला चहाने हाकलतो. चारच्या कपातले निम्मे कॅफीन बऱ्याच जणांच्या अंगात नऊपर्यंत टिकते. मग रात्री झोप येत नाही आणि दुसऱ्या दिवशी आपण व्याजासकट येता.

असो. खरी तक्रार पुढेच आहे.

आपले नाव सांगून गावात एक तोतया फिरते. ती दोनला येऊन चारला जात नाही. सकाळी सडा टाकतानाच येऊन बसते, कापूस वेचणारीच्या कमरेच्या ओटीला लटकते, संध्याकाळी भाकरी थापताना दम लावते. घरचे म्हणतात, “थकली असन कामानं.” तिचे खरे नाव रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ती राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांमध्ये सापडली. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. एवढी बढती आमच्या कचेरीत कोणालाच मिळत नाही. विदर्भातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल ही तिची आणखी एक साथीदार. तिच्यासाठी केंद्राने १ जुलै २०२३ रोजी मोहीम सुरू केली. तिथे रक्त तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत सुटणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

यात आमचा वाटाही मोठा आहे, बाई. आपल्याला पळवून लावण्यासाठी जेवणावर लगेच जो चहा ओततो, त्यातले टॅनिन ताटातले लोह अंगी लागू देत नाही. भांडण आपल्याशी आणि पाहुणचार तिचा! तो चहा तासभर पुढे ढकलला, वरणावर लिंबू पिळले, तर तिची अर्धी रसद तुटेल. पण वाट कोण पाहतो? जेवणाचा डबा बंद होण्याआधी टपरीवरून कप निघालेले असतात.

तेव्हा आपण खुशाल या. वीस मिनिटे बसा, मस्टरवर सही करा आणि निघा. त्यापुढे कोणी आपले नाव सांगून दिवसभर घरात ठाण मांडले, तर तिला उपकेंद्रात नेऊन बोट टोचून ओळख पटवण्याचे ठरवले आहे. ओळखपरेडीला आपण समक्ष हजर राहावे. वेळ सकाळी दहाची ठेवली आहे. दुपारची ठेवली असती तर पंच आपल्याच बाजूचे निघाले असते.

आपला,
एक मारेगावकर
(वेळ : दुपारी पावणेतीन)

प्रत माहितीस्तव : चौकातली चहाची टपरी. जेवणानंतर तासाभराने वाचावी.